जेवणानंतरचा अर्धा तास

दुपारचं जेवण झालं, हात धुतले, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली आणि तुम्ही पुन्हा कामाला लागलात. तुमच्या लेखी जेवण संपलं. शरीराच्या लेखी ते आत्ता कुठे सुरू झालंय! छातीच्या पिंजऱ्याखाली, पाठीच्या कण्याला लागून जाणाऱ्या महारोहिणीतून एक फांदी फुटते. जाडी जेमतेम सहा-सात मिलिमीटर. जवळजवळ सबंध लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा बराच भाग हिच्यावर जगतो. तुम्ही उपाशी असता तेव्हा हिच्यातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त वाहतं. जेवल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात तेच दुप्पट होतं, कधी तिप्पटही. तुम्ही फोनवर बोलत असता, बसची वाट पाहत असता, आणि पोटात एवढा मोठा पूर येऊन ओसरून जातो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

एवढं रक्त लागतं कशाला? आतडं म्हणजे अन्न पुढे सरकवणारी नुसती नळी असती तर लागलं नसतं. पण लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म बोटांसारखे उंचवटे दाटीवाटीने उभे असतात. त्यांच्यावर आणखी सूक्ष्म केसाळ रचना असते. हे सगळं उलगडून पसरलं तर क्षेत्रफळ तीस चौरस मीटरच्या आसपास भरतं. त्यावरचं पेशींचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. म्हणजे मागच्या आठवड्यातलं जेवण ज्या अस्तराने पचवलं ते आज तुमच्या पोटात नाहीच. शोषणारी, झिजणारी आणि पुन्हा उगवणारी ही जमीन ऑक्सिजन भरपूर खाते.

या उंचवट्यांची रचना मात्र मोठी नाजूक आहे. प्रत्येकात रक्त वर नेणारी वाहिनी आणि खाली आणणाऱ्या वाहिन्या अगदी शेजारी-शेजारी असतात. त्यामुळे वर निघालेला काही ऑक्सिजन टोकाला पोचण्याआधीच शेजारच्या परतीच्या रक्तात झिरपून जातो. परिणामी टोकावरच्या पेशी एरवीही काटकसरीत जगतात. रक्तपुरवठा घटला की सगळ्यात आधी मरतात त्या याच, आणि अन्न शोषण्याचं मुख्य काम नेमकं त्यांचंच.

आता कल्पना करा, ती सहा-सात मिलिमीटरची रोहिणी आतून चरबीच्या थरांनी चिंचोळी झाली आहे. विडी-सिगारेट, मधुमेह, वाढतं वय अशी कारणं तीच, जी हृदयाच्या वाहिन्या बुजवतात. उपाशीपोटी अर्धा लिटर रक्त कसंबसं निघून जातं आणि सगळं ठीक वाटतं. पण जेवण पोटात पडतं, आतडं दुप्पट रक्त मागतं आणि ते मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटांत, अर्ध्या तासात पोटात कळ उठते, तासभर, कधी दोन-तीन तास टिकते आणि मग ओसरते. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. जिना चढताना हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत दुखतं ना? इथे आतड्याला चढायचा जिना म्हणजे जेवण.

असा माणूस हळूहळू ताटाला घाबरू लागतो. आधी एक पोळी कमी करतो, मग अर्ध्या पोळीवर येतो. वजन उतरत जातं. घरचे म्हणतात, अ‍ॅसिडिटी असेल, गॅस असेल. एंडोस्कोपी होते, सोनोग्राफी होते, आणि अनेकदा दोन्हींत काहीच सापडत नाही. १९३६ मध्ये डन्फी नावाच्या अमेरिकी सर्जनने आतड्याची रोहिणी बंद पडून दगावलेल्या बारा जणांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या सात जणांना आधीपासून पोटदुखीचा त्रास होता. आतडं आगाऊ इशारा देत होतं, पण तो ऐकायचा कसा हे कुणाला माहीत नव्हतं.

इशारा ऐकू का येत नाही? जरा विचार करा, पोटाच्या तपासणीला बोलावताना काय सांगतात? उपाशीपोटी या! त्यामागे कारणंही चांगलीच असतात. पण ज्या आजाराचं सारं रहस्य जेवल्यानंतरच्या अर्ध्या तासात दडलंय, त्याच्यासाठी उपाशी आतडं म्हणजे काहीही न मागणारं आतडं. जे काही मागतच नाही, त्याला काय कमी पडतंय हे कसं कळणार?

मग सरळ रोहिणीचा फोटो काढावा. सीटी स्कॅनमध्ये तो उत्तम निघतो. पण इथे निसर्गाने आणखी एक गंमत करून ठेवली आहे. पोटाच्या अवयवांना रक्त देणाऱ्या मुख्य रोहिण्या एकूण तीन, आणि त्या आपसांत आडवाटांनी जोडलेल्या असतात. एक वाट हळूहळू बुजू लागली की आडवाटा रुंद होत जातात आणि शेजारीण तिचं काम उचलते. म्हणूनच त्रास सुरू व्हायला बहुतेकदा तिघींपैकी किमान दोघी बाधित व्हाव्या लागतात. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या, स्वतंत्रपणे राहणाऱ्या लोकांची सोनोग्राफीने पाहणी झाली, तेव्हा सुमारे १७ टक्के जणांत या रोहिण्यांपैकी एखादी तरी लक्षणीय चिंचोळी आढळली. त्यांतले बहुतेक जण सुखाने जेवत होते! म्हणजे वाहिनी चिंचोळी आहे का, एवढं विचारून भागत नाही. आतड्याने मागितलं तेवढं त्याला मिळालं का, हे विचारायला हवं. फोटो याचं उत्तर देऊ शकत नाही. एमआरआय देऊ शकतो. कसं, ते पाहण्यासाठी आधी त्या यंत्रात शिरू.

दीड टेस्लाच्या एमआरआयमधलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त असतं. ते तयार करते नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी. ती द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेली असते. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध शून्य होतो. एकदा सोडलेला प्रवाह मग बाहेरून वीज न घेता वर्षानुवर्षं फिरत राहतो.

तुम्ही त्या बोगद्यात आडवे होता. शरीर बहुतांशी पाणी, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. प्रत्येकाचा गाभा म्हणजे एक इवलंसं चुंबक. त्या प्रचंड क्षेत्रात हे सगळे गाभे शिस्तीत एका दिशेला वळतात का? मुळीच नाही. शरीराची ऊब त्यांना सतत ढकलत असते. निम्मे क्षेत्राच्या दिशेला, निम्मे विरुद्ध, आणि शिल्लक उरते ती दहा लाखांमागे जेमतेम पाचांची! सगळा एमआरआय या पाचांच्या जोरावर चालतो. तरीही तो चालतो, कारण पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये हायड्रोजनचे गाभे इतके अफाट असतात की ही शिल्लकही सुमारे तीनशे लाख कोटी भरते.

हे गाभे क्षेत्राभोवती गिरक्या घेत असतात, दीड टेस्लाला सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख. म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ, आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. त्याच सुरातली रेडिओलहर सोडली की गाभे तिला प्रतिसाद देतात, आणि लहर थांबवली की स्वतःच क्षीण आवाजात प्रक्षेपण करू लागतात. एमआरआयची खोली तांब्याच्या पत्र्याने वेढलेली असते ती यासाठीच. बाहेरच्या रेडिओच्या कोलाहलात तुमच्या पोटातलं हे केंद्र हरवून जाऊ नये.

पण आवाज आतड्यातून आला की यकृतातून, हे कसं ओळखायचं? आणि त्याहून अवघड, आवाज देणारा गाभा स्थिर आहे की रक्तासोबत धावतोय, हे कसं कळायचं? यासाठी आपण हार्बर लाइनवर जाऊ.

समजा, वाशी ते पनवेल एक अजब नियम लागू झाला आहे. वाशीला घड्याळं बरोबर चालतात, पण पुढच्या प्रत्येक स्टेशनावर थोडी जास्त वेगाने पळतात. सानपाड्याला जरा, नेरूळला आणखी, खारघरला त्याहून, पनवेलला सगळ्यात जास्त. नियम थोडा वेळ चालवून थांबवा आणि फलाटांवर उभ्या असलेल्या सगळ्यांची घड्याळं पाहा. कोणाचं किती पुढे गेलंय यावरून तो कोणत्या स्टेशनावर उभा होता, हे तुम्ही घरबसल्या सांगाल! एमआरआयमध्ये नेमकं हेच करतात. चुंबकीय क्षेत्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित चढतं ठेवलं की प्रत्येक ठिकाणच्या गाभ्यांची गिरकी वेगळी होते. या युक्तीतून चित्र उभं करण्याची कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. २००३ मध्ये पीटर मॅन्सफील्ड यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

आता नियम उलटा करा. जेवढा वेळ घड्याळं पुढे पळाली तेवढाच वेळ ती त्याच प्रमाणात मागे पडू द्या. नेरूळच्या फलाटावर उभ्या माणसाचं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं होतं, ते दोन मिनिटं मागे येऊन बरोबर झालं. पण लोकलमध्ये बसलेल्याचं काय? घड्याळं पुढे पळत होती तेव्हा तो नेरूळजवळ होता, म्हणून थोडंसंच पुढे गेलं. मागे पडू लागली तेव्हा गाडी खारघरला पोचलेली, तिथे जास्त मागे पडलं. त्याची वजाबाकी शून्य होत नाही. गाडी जितकी वेगात, तितका घड्याळातला फरक मोठा. आणि गाडी उलट, वाशीकडे निघालेली असेल तर घड्याळ मागे पडण्याऐवजी पुढे! म्हणजे उभे असलेले सगळे आपोआप गळून जातात, आणि धावणाऱ्या प्रत्येकाचा वेग आणि दिशा त्याच्या घड्याळात लिहिलेली मिळते.

रोहिणीतलं रक्त सेकंदाला मीटरभर वेगाने धावत असेल तर एका मिलिसेकंदात ते एक मिलिमीटर सरकतं. एमआरआयला एवढंसं सरकणंही पुरतं. हृदयाच्या ठोक्याशी ताळमेळ राखून हे मोजमाप ठोक्याच्या वेगवेगळ्या क्षणांना केलं की रक्ताच्या प्रवाहाची चक्क चित्रफीत मिळते. वेगाला रोहिणीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणा, आणि मिनिटाला किती मिलिलिटर ते हातात! एकच पथ्य पाळायचं. रक्त जास्तीत जास्त किती वेगात असेल याचा अंदाज आधी यंत्राला द्यावा लागतो. अंदाज कमी पडला तर घड्याळाचा काटा अर्ध्या फेरीच्याही पुढे जातो आणि सुसाट रक्त उलटं वाहताना दिसतं. या सगळ्यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत, रंगद्रव्यही नाही. ज्यांची मूत्रपिंडं फारच कमजोर आहेत आणि ज्यांना गॅडोलिनियम या रंगद्रव्याचं इंजेक्शन देताना डॉक्टर दहादा विचार करतात, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय.

ही युक्ती आली कुठून? त्या वाटेवर आपली माणसं अगदी सुरुवातीलाच भेटतात. १९५१ हे साल घ्या. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातल्या अणुगाभ्यांचा प्रतिसाद तपासला आणि स्थिर पाण्यापेक्षा वाहत्या पाण्याचा सिग्नल वेगळा येतो हे दाखवलं. या विषयावरच्या जगातल्या पहिल्या शोधनिबंधांपैकी हा एक. तेव्हा एमआरआय हा शब्दही जन्मला नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्डला एस. एस. धर्मट्टी यांनी अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह अल्कोहोलच्या रेणूतल्या हायड्रोजनचे तीन वेगवेगळे सूर वेगळे करून दाखवले. रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज त्या सुरांचा आलेख ठाऊक आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये अणुगाभ्यांच्या या शास्त्राची प्रयोगशाळा उभी केली ती याच धर्मट्टींनी. पुढे १९५९ मध्ये जे. आर. सिंगर यांनी उंदराच्या शेपटीतला रक्तप्रवाह याच तंत्राने मोजला. १९६० मध्ये अर्विन हान यांनी वर सांगितलेली घड्याळाची कल्पना मांडली, आणि कशासाठी? समुद्राच्या पाण्याची हालचाल मोजण्यासाठी! समुद्रासाठी सुचलेली युक्ती आज आतड्याच्या रोहिणीत काम करते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आतड्याला हवं ते मिळालं का? तपासणीची रीत इतकी सोपी आहे की ऐकून हसू यावं. आधी उपाशीपोटी प्रवाह मोजायचा. मग रुग्णाला खाऊ-पिऊ घालायचं. थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. निरोगी आतड्यात प्रवाह भराभर वाढतो. ज्याच्या रोहिण्या बुजत आल्या आहेत त्याच्यात तो वाढत नाही, किंवा अगदी थोडा वाढतो. इतकी वर्षं ज्या घासाची भीती वाटत होती, तोच घास निदानाचं साधन होतो.

आणि याच्याही पुढचं एक आश्चर्य शिल्लक आहे. १८४५ मध्ये मायकल फॅरडे यांनी वाळलेलं रक्त चुंबकाजवळ धरून पाहिलं. ताजं रक्तही तपासायला हवं अशी नोंद त्यांनी वहीत केली, पण ते राहूनच गेलं. एक्याण्णव वर्षांनी, १९३६ मध्ये, लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी ते केलं आणि विलक्षण गोष्ट उघड झाली. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन ओढलं जातं! म्हणजे आपलं रक्त फुफ्फुसात एक असतं आणि पेशींना ऑक्सिजन देऊन परतताना चुंबकाच्या दृष्टीने दुसरंच झालेलं असतं.

एमआरआय म्हणजे तर नखशिखांत चुंबक. ऑक्सिजन गमावलेलं हिमोग्लोबिन आजूबाजूच्या पाण्याच्या गाभ्यांना गोंधळात टाकतं आणि त्यांचा सिग्नल लवकर विझतो. ऑक्सिजन भरपूर असेल तर सिग्नल जास्त वेळ टिकतो. तो किती टिकला यावरून रक्तात किती ऑक्सिजन उरलाय ते सुईचा टोचाही न मारता सांगता येतं.

१९९० च्या दशकात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे मोजमाप आतड्याकडून परतणाऱ्या मोठ्या नीलेत केलं. जेवल्यानंतर काय दिसावं? तुम्ही म्हणाल, आतडं काम करतंय, ऑक्सिजन खातंय, म्हणजे परतीच्या रक्तात तो कमी असणार. निरोगी माणसांत झालं उलटंच! प्रवाह गरजेपेक्षाही जास्त वाढल्यामुळे परतीच्या रक्तात ऑक्सिजन किंचित वाढला. रुग्णांमध्ये मात्र तो घटला. वाढीव रक्त आलंच नाही, म्हणून आतड्याने मिळालेल्या रक्तातूनच जमेल तेवढा ऑक्सिजन ओरबाडून घेतला. रोहिणी कशी दिसते हा प्रश्न इथे मागेच पडला. आतडं उपाशी राहिलं की नाही, हे त्याच्या परतीच्या रक्ताने सांगितलं.

याचा अर्थ पोट दुखलं की एमआरआय काढावा, असा नाही. अचानक असह्य कळ आली, हृदयातली गुठळी सुटून रोहिणीत अडकली, तर तिथे प्रत्येक तास मोलाचा. पूर्ण बंद पडलेला रक्तपुरवठा काही तासांतच आतड्याचा जीव घेतो. अशा वेळी सीटी अँजिओग्राफीच हवी, कारण ती काही मिनिटांत होते. एमआरआय सावकाश चालतो, श्वास रोखून धरायला लावतो, आणि नीलेतला ऑक्सिजन मोजण्याचं तंत्र अजून रोजच्या वापरात रुळलेलं नाही. त्याचं खरं क्षेत्र म्हणजे महिनोन्‌महिने रेंगाळणारं, जेवणाशी बांधलेलं, भल्याभल्यांना चकवणारं दुखणं. जेवल्यावर ठरल्या वेळी कळ, खाण्याची धास्ती आणि उतरतं वजन, ही तीन लक्षणं घरात कुणात एकत्र दिसली तर डॉक्टरांना जेवण आणि कळ यांतलं अंतर मिनिटांत सांगा. आतड्याच्या रक्तपुरवठ्याची शंका बोलून दाखवा. रोहिणीत फुगा घालून, स्टेंट बसवून किंवा शस्त्रक्रियेने वाट मोकळी करता येते, आणि माणूस पुन्हा पोटभर जेवू लागतो.

आणि हे यंत्र? ते आजवर बहुतांशी परदेशातून आलं. पण १९७७ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सूक्ष्मलहरींच्या उपकरणांसाठी एक विभाग निघाला, १९८४ मध्ये त्यातून ‘समीर’ ही स्वतंत्र सरकारी संस्था जन्मली, आणि तिचं एक केंद्र आज नवी मुंबईत खारघरला आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारी यंत्रं बनवणारी ही संस्था देशी बनावटीच्या दीड टेस्ला एमआरआय प्रकल्पाचं नेतृत्व करते. सी-डॅक, बंगळुरूची दयानंद सागर संस्था, आणि अतिवाहक चुंबकासाठी दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर हे तिचे साथीदार. मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला आणि हे यंत्र रुग्णांवरच्या चाचण्यांसाठी तिथे बसवायचं ठरलं.

धर्मट्टींनी ज्या संस्थेत या शास्त्राचा पाया घातला, तिच्याच कुशीतून निघालेली संस्था आज त्याचं यंत्र घडवते आहे, ही मला या साऱ्या कहाणीतली सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते. यंत्र स्वस्त झालं तर ते तालुक्याच्या गावी पोचेल. यंत्रावरची गर्दी कमी झाली तर रुग्णाला एकदा उपाशी आणि एकदा जेवल्यावर, असं दोनदा तपासायला डॉक्टरांना वेळ मिळेल. वाहत्या पाण्याचा सिग्नल वेगळा येतो, हे सूर्यन यांनी दाखवून सत्तर वर्षं उलटून गेली. त्या ज्ञानाचा लाभ आता जेवायला घाबरणाऱ्या प्रत्येक माणसाला मिळायला हवा, आणि तो देण्याची बुद्धी, हात आणि कारखाने आपल्याकडे आहेत.